वेणूबाई धवलारीण यांनी प्राणवायू ओटीत घेतला त्याची हकीकत

श्री अंबरेश्वर प्रसन्न. वालधुनीकाठचे समस्त लहानथोर, घरमालक, भाडेकरू, वर्गणी देणारे आणि वर्गणीच्या वेळी दार लावून बसणारे, यांसी कळावे जे, महामारीच्या दुसऱ्या स्वारीत, चैत्राचे ऊन कहर करीत असता, अंबरनाथ पूर्व येथे जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे तिखटमीठ न घालता, येथे लिहिली असे. कोणी म्हणेल, एका टाकीपायी एवढे पुराण कशास? त्याने आपले नाक दोन बोटांनी धरावे, तोंड मिटावे, आणि मग विचारावे.

ते समयी राज्याचा कारभार ऐसा की, रोज सायंकाळी थोरथोर दिवाण दूरदर्शनाच्या पडद्यावर येऊन बसत आणि फर्मान काढीत की प्राणवायूचा साठा मुबलक आहे, रयतेने घाबरू नये, आणि मग हेच दिवाण त्या दिवाणांस दूषण देत की साठा तुम्ही अडविला, आणि ते म्हणत की तुम्ही पळविला, आणि मग रयतेस कोडे पडे की मुबलक असलेली वस्तू अडली कोठे आणि पळाली कशी. मदतीस म्हणून एक दूरध्वनी क्रमांक जाहीर जाहला होता. तो फिरविता सनई वाजे, मग एक बाई मंजूळ आवाजात आपण रांगेत आहात ऐसे सांगे, आणि मग पुन्हा सनई. कित्येक घरचे माणूस गेले तरी कानाशी सनई चालूच. आग लागो त्या सनईला!

ऐशा काळी अंबरनाथ पूर्वेस वेणूबाई धवलारीण राहत होत्या. धवलारीण म्हणजे काय, हे नवख्यांसी सांगणे अगत्याचे. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून. आधी धवलारीण मांडवात बसून धवले गाते, देवांस आवतण देते, आणि तिच्या गाण्यावाचून नवऱ्यास हळद लागत नाही. तिने एकदा सूर धरला की तो पुरा होईतो तिला थांबविण्याची छाती मांडवात कोणाची नाही, मग तो नवरदेवाचा बाप असो की गावचा पाटील. वेणूबाईंचा आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून. त्यांचे यजमान अनंता, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे, मुलखाचे बोलके. परंतु महामारीने त्यांस घेरले आणि छाती भात्यासारखी उडू लागली. एक शब्द बोलावा, मग दम घ्यावा, मग दुसरा. "वेणू... पानी..." एवढे बोलण्यात त्यांचे ओठ निळे पडत. शेजारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, खाट मिळेतो प्राणवायूची टाकी आणा, आजच आणा, नाहीतर माझ्या हाती काही नाही.

मग वेणूबाईंनी कंबर कसली, आणि दीर राजेश्री विनीतराव यांस रिक्षा काढण्याचा हुकूम केला, आणि यजमानांपाशी शेजारीण बसवून स्वारी प्रथम बदलापुराकडे कूच करती जाहली. तेथे एका खासगी दवाखान्याच्या दरवाजावर जो पहारेकरी होता, त्याने आत न घेताच दुरून हात हलविला. खाट नाही, टाकी नाही, आणि आत आहेत त्यांनाही उद्याचे ठाऊक नाही, ऐसा त्याचा जबाब पडला. बिचारा स्वतःच रडवेला झाला होता, त्यास काय बोलावे!

मग रिक्षा वळली आणि उल्हासनगर कॅम्प नंबर तीनच्या पेठेत शिरली. या पेठेचा लौकिक ऐसा की, जगात जे मिळत नाही ते येथे शिवून मिळते. जीन्स शिवणारे कारखाने रातोरात मुखपट्ट्या शिवू लागले होते, आणि एके ठिकाणी तर जीन्सचीच मुखपट्टी, पितळी बटणासह, टांगलेली होती. बोटास लावण्याचे प्राणवायूमापक यंत्रही टोपलीत विकावयास होते. विनीतरावांनी परीक्षेसाठी त्यात बॉलपेन घातले, तर पेनाचा प्राणवायू अठ्ठ्याण्णव निघाला. हे यंत्र दिवाणांच्या सायंकाळच्या बैठकीस फार उपयोगी पडले असते. परंतु टाकी मात्र नव्हती. एका वृद्ध सिंधी व्यापाऱ्याने वेणूबाईंचे तोंड पाहिले, आत गेला, आणि टाकीस लावण्याची नळी, मुखवटा आणि मापकाची तोटी आणून हाती ठेविली.

"ले जा अदी," तो बहिणीचे नाते लावून म्हणाला. "टाकी मिल गयी तो ये ढूंढते फिरेगी. पैसा बाद में."

याप्रमाणे तोटी फत्ते जाहली, टाकी राहिली. इतक्यात विनीतरावांच्या मोबाइलवर वार्ता आली की, अंबरनाथ पूर्वेतच, राजमान्य राजेश्री धर्मेशभाऊ, माजी नगरसेवक आणि फलकावरून पाहता भावी आमदार, यांनी प्राणवायूच्या सहा लहान टाक्या भरून आणविल्या आहेत. घराशेजारी गंगा, आणि आपण वणवण कोठे फिरलो! वेणूबाईंनी रिक्षा अशी पिटाळविली की विठ्ठलवाडीच्या वळणावर विनीतरावांची टोपी गेली ती गेलीच.

मैदानात पोहोचून पाहतात तो काय! मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, सहा टाक्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूची माळ, पुढे लाल फीत ताणलेली. आणि टाक्यांस कोणी हात लावावयाचा नाही. सबब पुसता कारभाऱ्यांनी सांगितले की, लोकार्पण बाकी आहे. थोरले साहेब फीत कापतील, मग वाटप. साहेब कोठे आहेत? ठाण्यात, दुसऱ्या फितीवर. केव्हा येतील? निघाले की कळेल. शिवाय फलकाचाही घोळ पडला होता, कारण थोरल्या साहेबांच्या शेजारी कोणाचे चित्र छापावे यावरून दोन सरदारांत तलवारी निघावयाच्या बाकी होत्या, आणि छापखान्यातून फलक दोनदा परत गेला होता. इकडे मांडवाच्या कडेस उन्हात बाया उभ्या होत्या, कोणाचा नवरा घरी तळमळत होता, कोणाचा बाप. त्यांत विठ्ठलवाडीच्या गयाबाई होत्या. त्यांचा तरणा लेक घरी होता आणि त्या एकटक टाक्यांकडे पाहत होत्या.

खरे लिहावयाचे तर धर्मेशभाऊ माणूस वाईट नव्हते. टाक्या त्यांनीच हातापाया पडून मिळविल्या होत्या. परंतु ज्याचा फोटो नाही ते घडलेच नाही, ऐसा त्या काळी राजनीतीचा दंडक, आणि भाऊ त्या दंडकाचे बांधील. फीत डोळ्यांपुढे आली की त्यांना माणूस दिसेनासे होई.

भाऊंची नजर वेणूबाईंवर पडली आणि ते हर्षभरित जाहले. त्यांच्या स्वतःच्या लग्नात याच बाईंनी धवले गायिले होते. मग त्यांनी तत्काळ तजवीज सांगितली की, साहेब येण्याआधी वाटपाची एक रंगीत तालीम घ्यावी, लाभार्थी म्हणून वेणूमावशींस उभे करावे, मावशींनी आगरी थाटाचे लुगडे नेसून यावे, आरंभी एक धवला म्हणावा, टाकी हाती घ्यावी, छायाचित्रकाराने कोन बघून घ्यावा, आणि मग टाकी जागेवर परत ठेवावी. हे सर्व भ्रमणध्वनीवरून जगास थेट दाखविले जावे, म्हणजे साहेब येईतो वातावरण तयार होईल.

"परत ठेवावी?" वेणूबाईंनी विचारले.

"मावशी, फक्त फोटोपुरती. साहेब आले की तुमचीच पहिली. शब्द आहे माझा."

वेणूबाई तशाच माघारी फिरल्या. घरी गेल्या, यजमानांच्या उशाशी क्षणभर बसल्या. अनंतांनी डोळे उघडले, काही बोलावयास तोंड उघडले, आणि शब्द न निघता डोळ्यांतून पाणीच निघाले. बाईंनी ते पदराने पुसले. उठल्या, हळदीचे लुगडे नेसल्या, कपाळी आडवे कुंकू रेखिले, आणि मांडवात दाखल जाहल्या.

मग तालीम सुरू जाहली. भाऊ उभे राहिले, मोबाइल उंचावले, छायाचित्रकार गुडघ्यावर बसला, आणि वेणूबाईंनी सूर धरला. तो सूर ऐसा की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या.

"पदर पसरलाय गो आई तुजे दारी,
माजे चुड्याला वारा दे, वारा दे..."

आणि गाता गाता त्यांनी खरोखरच पदर पसरला, ओटी पुढे केली, आणि भाऊंनी सवयीने, हसऱ्या मुद्रेने, कॅमेऱ्याकडे पाहत, माळ घातलेली टाकी त्या ओटीत ठेविली. वेणूबाईंनी गाठ मारिली. वर हळदकुंकू वाहिले. छायाचित्र जाहले. मग कारभारी टाकी परत घेण्यास पुढे सरसावले, तो बाईंचा धवला काही संपेना! एका देवामागून दुसऱ्या देवास आवतण चालले, खंडोबा जाहला, एकवीरा जाहली, गावदेवी जाहली, आणि कारभाऱ्यांचे हात हवेत तसेच, कारण धवला मोडावा कोणी? आणि मग भाऊंच्या मातोश्री, ज्या पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या.

"धर्मेश! सवाशिनीचे ओटीत घातलेला परत घेतंस? मांडवात? घर बुडवायचा हाय का आपला?"

भाऊंच्या तोंडचे पाणी पळाले. सवाष्णीची भरलेली ओटी मांडवात रिकामी करणे, याहून मोठा अपशकुन आगऱ्यांत नाही, आणि हे सर्व थेट प्रक्षेपणात शेकडो मतदार पाहत होते. भाऊंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि मग पडेल आवाजात फर्माविले की, टाकी मावशींची.

झाले! हे शब्द कानी पडताच मांडवाच्या कडेच्या बाया एकदम पुढे आल्या आणि एकीमागून एक पदर पसरिला. आता कोणास नाही म्हणता? मातोश्रींनी स्वतः पुढे होऊन टाक्या ओटीत घातल्या. फितीखालून वाकून, झेंडूच्या माळांसह, सहाही टाक्या बघता बघता रवाना जाहल्या. परंतु टाक्या सहा आणि बाया अधिक. गयाबाई पुढे पोहोचल्या तेव्हा जागा रिकामी होती, आणि त्यांचा पदर पसरलेला तसाच राहिला. शाबास रे मुबलक साठा!

हे वेणूबाईंनी रिक्षात बसता बसता पाहिले. त्यांनी रिक्षा थांबविली, गयाबाईंस आत ओढले, घर गाठताच लेकास तेथे आणण्यास विनीतरावांस धाडिले, आणि त्याच दिवशी एका टाकीवर, पाळीपाळीने, दोन जीव ठेविले. डॉक्टर म्हणाले, हे शास्त्रात नाही. वेणूबाई म्हणाल्या, शास्त्राकडे दुसरी टाकी असेल तर आणून द्या. दुसऱ्या दिवशी गयाबाईंच्या लेकास उल्हासनगरात खाट मिळाली, आणि रिकामी टाकी हाती असल्याने ती रोज भरून आणणे विनीतरावांस कसेबसे साधले.

तिकडे सायंकाळी थोरले साहेब गाड्यांच्या ताफ्यासह आले. रिकाम्या चौथऱ्यापुढची फीत त्यांनी कापली, टाळ्या जाहल्या, प्राणवायूचा तुटवडा नाही ऐसे भाषण जाहले, आणि मागे काय आहे हे पाहण्यास कोणी मान वळविली नाही.

आता फत्तेची नोंद. चौथे दिवशी सकाळी अनंतांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिले, आणि गरजले: "काय गो वेणू, मी निजलेलो तर तू हळदीचा लुगडा नेसून गर्दीत जेलीस, तोंडाला मास्क नाय, आख्ख्या गावानं मोबाइलवर बघितलाय, मना शेजारी सांगतान, आनि तुला काय झाला असता तर मी कोनाच्या तोंडाकडं बघायचा, सांग ना!"

विनीतराव मध्ये पडू लागले, तो वेणूबाईंनी हाताने त्यांस गप्प केले. यजमानांनी एवढे सगळे बोलताना मध्ये एकदाही दम घेतला नव्हता. बाई खाटेच्या कडेला बसल्या, पदर तोंडाशी नेला, आणि रडत रडत म्हणाल्या, "अजून बोला."