अंतोनमामांचा टॉवेल

आमचे अंतोनमामा आमच्याकडे टीव्ही बघायला येतात ते खांद्यावर टॉवेल टाकून. घाम पुसायला नाही, घाम ते शर्टाच्या बाहीला पुसतात. हा टॉवेल टीव्हीचा आहे. मालिकेत काही नको ते येणार असा नुसता वास लागला की मामा उठतात आणि आमच्या बत्तीस इंची पडद्यावर टॉवेल अंथरतात. नको ते सरलं की काढून घेतात, घडी घालतात आणि पुन्हा खांद्यावर. घोडेगावच्या बाजारात हा टॉवेल घेताना त्यांनी तो उन्हाकडे धरून पलीकडचं काही दिसतं का ते बघितलं होतं. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला सुताची पारख आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. एसटीत कंडक्टर होते आणि सगळी नोकरी डोंगरातल्या गाड्यांवर झाली. रिटायर होऊन बरीच वर्षं लोटली, पण कंडक्टर काही अंगातून उतरला नाही. मार्थामामी गेल्यापासून महाळुंगे पडवळला एकटेच राहतात आणि रविवारी आमच्याकडे घोडेगावला येतात. दारातून आत आले की आधी नजरेने माणसं मोजतात. सोफ्यावर तिघं ऐसपैस बसलेले दिसले तर म्हणतात, "सरका, सरका, चौथ्याची जागा हाय." आणि त्यांची घंटी. बोटातल्या अंगठीने ते समोरच्या स्टीलच्या पेल्यावर ठोकतात. एकदा ठोकलं म्हणजे थांबा. दोनदा ठोकलं म्हणजे डबल, गाडी सोडा. जेवताना भात पुरे असेल तर एक, भाकरी आणखी हवी असेल तर दोन. माझी बायको शीला सुरुवातीला चिडायची. आता तिला इतकी सवय झाली आहे की मी तोंडाने भाकरी मागितली तर तिला ऐकू येत नाही.

टॉवेलाचं प्रकरण सुरू झालं ते फादरांमुळे. या भागात आम्हा कॅथलिकांची घरं मोजकी. फादर महिन्यातून एकदा मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, करायला येतात आणि मिस्सेनंतर चहा-बिस्किटांबरोबर एखादा विषय देऊन जातात. त्या महिन्याचा विषय होता: ज्या घरात वयात येणारी मुलं आहेत तिथे धार्मिक मालिका बघाव्यात की बघू नयेत? घरी बोला, विचार करा आणि दोन-तीन महिन्यांनी सांगा, म्हणाले.

आमच्या घरात वयात येणारी दोन मुलं. कृपा नववीत आणि रोहन आठवीत. दोघं संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायची, पण जपमाळ उजव्या हातात आणि मोबाईल डाव्या मांडीखाली. शीलाला हीच काळजी लागून राहिली होती. उद्या ही पोरं शिकायला पुण्याला जातील तेव्हा मांडीखालचा मोबाईल बरोबर जाईल आणि जपमाळ इथेच खुंटीवर राहील, असं ती म्हणायची. मी पंचायत समितीत कारकून आहे. समोर आलेला कुठलाही विषय पुढच्या आठवड्यावर ढकलायचा, ही माझी कामाची पद्धत. हाही मी ढकलला.

शीलाने ढकलला नाही. तिने पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या गोष्टींची, हिंदीत डब केलेली, संपता न संपणारी एक मालिका शोधून काढली आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बघायची असं जाहीर केलं. मामांना ते पटलं नाही. जाहिरात आली की थांबणारा देव कसला, म्हणाले. शिवाय नटनट्यांचा काय भरवसा, पोरं मोठी व्हायला लागली आहेत. शेवटी तडजोड झाली. मालिका लागेल, पण मामा तपासनीस म्हणून पुढच्या खुर्चीत बसतील. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा खांद्यावर टॉवेल होता.

पहिल्याच भागात तो कामाला आला. सृष्टीतली पहिली बाग आणि तिच्यातली ती दोन माणसं. त्यांच्या अंगावर पानं होती, पण मामांच्या हिशोबाने पानं कमी पडत होती. त्यामुळे सृष्टीची सुरुवात आम्ही टॉवेलावर बघितली. पुढे एका भावाने दुसऱ्या भावाचा शेतात जीव घेतला, ते मात्र मामांनी अख्खं दाखवलं. शीलाने विचारलं तेव्हा म्हणाले, "भावाभावांचं काय, हितं बांधावरनं रोज व्हतंय." पण पुराची गोष्ट संपल्यावर जहाज बांधून वाचलेल्या त्या सज्जन म्हाताऱ्याने द्राक्षारसाचा पेला तोंडाला लावला मात्र, मामांच्या पेल्यावर टण्णकन एक घंटी वाजली आणि टॉवेल पडला.

शेजारचे पोपटराव त्यांचा टीव्ही बिघडला म्हणून यायला लागले आणि तो दुरुस्त झाल्यावरही येत राहिले. त्यांना मामांची पद्धत फार आवडली होती. "मामा, तुमचं लई बरंय," ते म्हणायचे. "आमची मंडळी ज्या मालिका बघत्यात, त्यावर टाकायचं म्हणलं तर सतरंजी लागंल."

या व्यवस्थेत एक खोट होती. टॉवेलाने चित्र जातं, आवाज जात नाही. रिमोट मामांच्या हाती द्यायची सोय नव्हती, कारण त्यांनी एकदा आवाज बंद करताना टीव्हीची भाषाच बदलली होती आणि दोन दिवस आम्ही बातम्या तमिळमध्ये ऐकल्या होत्या.

मग तो रविवार उजाडला. मालिकेत एक थोर राजा संध्याकाळचा गच्चीवर येरझाऱ्या घालत होता. खाली कुठेतरी कुणी बाई आंघोळ करत होती. तिच्या हातातला घडा दिसला आणि मामांनी झेप घेतली. त्या वयाच्या माणसाला शोभणार नाही अशी झेप. टॉवेल पडला. मागून पाण्याचा आवाज यायला लागला. मग बासरी वाजली. मग राजा हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि पुन्हा बासरी. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. शीला शेंगा सोलायला लागली, पण त्या आधीच सोललेल्या होत्या. कृपाने उशी तोंडासमोर धरली होती आणि उशी हलत होती. पाणी काही थांबेना. रोहनने अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारलं की एवढं पाणी कशाला लागतंय.

"नळाला मोटार लावली आसंल," पोपटराव म्हणाले.

मामांनी टॉवेल काढला तेव्हा त्या बाईचा नवरा लढाईत मेला होता आणि राजा जमिनीवर पडून रडत होता. मुलं म्हणाली, आजोबा, मधे काय झालं? मामा म्हणाले, काही नाही, पाणी आलं आणि गेलं.

त्या दिवशी मुलं उठून गेल्यावर शीला मामांना जे बोलली, ते मी तरी त्यांच्याशी बोलू शकलो नसतो. "मामा, टॉवेल नसता तर पोरांनी एक बाई आंघोळ करताना बघितली असती. टॉवेलामुळे त्यांनी काय काय बघितलं असेल ते देवालाच माहीत. पुढच्या रविवारी टॉवेल घरी ठेवून या."

मामांनी टॉवेलाची घडी घातली. चांगली नीट, काठाला काठ लावून. मग म्हणाले, "टॉवेल न्हाई, तर मंग माझं हितं काय काम?" आवाज चढवला नाही. चहा न घेताच स्टँडवर गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मालिका लागली, गच्चीवरच्या राजाचे पुढचे हाल आम्ही विनाअडथळा बघितले आणि कुणालाच मजा आली नाही. पुढची खुर्ची रिकामी होती. पोपटराव अर्ध्यातून उठून गेले. शीला रात्री म्हणाली की मी जरा जास्तच बोलले, तुम्ही मामांना फोन करा. मी तो फोन पुढच्या आठवड्यावर ढकलला.

मधल्या एका संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर घरी आलो. रोहन टेबलाशी विज्ञानाचं पुस्तक उभं धरून बसला होता. माझा मुलगा विज्ञानात इतका बुडालेला मी कधी बघितला नव्हता. मी स्वतः शाळेत भूगोलाच्या पुस्तकाआड काय काय वाचलं आहे हे मला आठवत असल्यामुळे मी चपला काढून मागून गेलो. विज्ञानाच्या आड मोबाईल असणार याची खात्री होती, फक्त त्यावर काय असेल याची भीती होती. पुस्तक ओढलं. आड पवित्र शास्त्र होतं.

मामींनी आमच्या लग्नात दिलेलं, जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. कपाटावर होतं, धुळीसकट. मला बोलायचं तर खूप होतं, पण वाक्य जुळेना. अभ्यासाच्या वेळी पवित्र शास्त्र वाचतोस, लाज नाही वाटत? असं कुठला बाप म्हणेल?

रोहनने मान खाली घालून कबूल केलं. त्याला आणि कृपाला टॉवेलाआडचं बघायचं होतं. पहिल्या बागेपासून सुरुवात केली, म्हणाला. ज्या ज्या ठिकाणी टॉवेल पडला ती ती जागा शोधायची, मग तिथवर कसं आलं ते कळेना म्हणून मागचं वाचायचं, मग पुढे काय झालं म्हणून पुढचं. पुस्तक एकच असल्यामुळे दोघांची भांडणं व्हायची आणि शेवटी पाळ्या लावल्या होत्या.

"बाबा, आजोबा टॉवेल टाकतात ना, तिथेच खरी गोष्ट असते," तो म्हणाला.

फादर आले त्या रविवारी मिस्सेला मामा होते, पण मागच्या बाकावर. टॉवेल खांद्यावर होता. आमच्याकडे बघत नव्हते. चहाच्या वेळी फादरांनी विषय काढला. कुणी म्हणालं मालिका चांगल्या, कुणी म्हणालं मुलं नटांचे केस बघतात. तेवढ्यात कृपा उभी राहिली. तिने फादरांना विचारलं की गच्चीवरच्या राजाने गुन्हा केला, मग शिक्षा त्याच्या तान्ह्या बाळाला का झाली? फादरांचं बिस्कीट चहात पडलं. ते म्हणाले, हा प्रश्न मला इथे आजवर कुणी विचारलेला नाही, आणि याचं उत्तर एका चहात होणारं नाही. मग त्यांनी मुलांना आणखी काही विचारलं. मोठी माणसं कप धरून उभी राहिली आणि आमची दोन मुलं बोलत राहिली. पुराच्या गोष्टीतला म्हातारा पुढे कसा झिंगला, हे रोहनने इतकं तपशीलवार सांगितलं की शीलाला मधे खोकावं लागलं.

फादरांनी मला विचारलं की घरी मुलांचा हा अभ्यास कोण घेतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात एकदा असं श्रेय समोर चालून आलं होतं आणि ते मी घेतलंही असतं, पण शीला माझ्या आधी बोलली.

"आमचे अंतोनमामा घेतात," ती म्हणाली. मग मागच्या बाकाकडे वळून सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मामा, पुढच्या रविवारी या. टॉवेल घेऊन या."

टॉवेलाची गोष्ट ऐकून फादर इतके हसले की त्यांना डोळे पुसायला काही सापडेना. त्यांनी मामांचाच टॉवेल मागितला. मामांनी दिला नाही. तो टीव्हीचा आहे, म्हणाले. बाहेर पडताना तीन घरच्या बायकांनी त्यांना टॉवेल कुठे मिळाला ते विचारलं, आणि मामा चर्चच्या पायऱ्या असे उतरले की जणू भरलेली गाडी वेळेवर स्टँडात लावून आलेत.

पुढच्या रविवारी ते तासभर आधीच आले. पोपटराव त्यांच्याही आधी. सगळे दाटीने बसले, चौथ्याची जागा झाली, पेल्यावर डबल वाजली आणि मालिका सुरू झाली.

त्या भागात कुणी पीत नव्हतं, कुणी आंघोळ करत नव्हतं. गोष्ट राजाच्या पूर्वजांकडे मागे गेली होती; दुष्काळात परमुलखात गेलेली एक म्हातारी होती. नवरा गेला, मुलगे गेले. ती आपल्या गावी परत निघाली आणि विधवा सुनांना म्हणाली, तुम्ही माहेरी जा. एक गेली. दुसरी सासूचा हात धरून रस्त्यात उभी राहिली आणि आता काही बोलणार, इतक्यात पेल्यावर एक घंटी वाजली. मामा उठले आणि त्यांनी टॉवेल टाकला. आणि यावेळी टीव्हीची वायरही भिंतीतून ओढून काढली.

पोपटरावांना राहवलं नाही. "आवं मामा, सासू-सून नुसत्या रस्त्यात उभ्या व्हत्या."

मामा परत खुर्चीत जाऊन बसले. कृपाने रोहनकडे बघितलं आणि दोघं कपाटाकडे धावली. यावेळी पुस्तक लपवून आणायची गरज नव्हती. कृपाने पान शोधलं आणि ती मोठ्याने वाचायला लागली. तू जाशील तिथे मी येईन अशा अर्थाचं ती सून बोलते, ते तिने वाचलं. त्या दोघी गावी पोचल्या तेही वाचलं. टॉवेलाआड टीव्ही गप्प होता.

मामा खुर्चीत खाली बघत बसले होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझी मामी माझ्या आईला ही गोष्ट वाचून दाखवायची. सासू-सून दोघीच घरात. मी आहुप्याला मुक्कामी गाडीवर. मला कधी पुरी ऐकायलाच न्हाई मिळाली."

डोळ्यांना त्यांनी बाही लावली. टॉवेल टीव्हीवर होता.

प्रकरण संपलं तशी कृपा थांबली. पानावर बोट ठेवून तिने विचारलं, "आजोबा, पुढचं वाचू?"

मामांनी पेला जवळ ओढला आणि अंगठी दोनदा वाजवली.