प्रल्हादरावांचा ऑर्का

"ऑर्का येऊ दे, नाहीतर ऑर्काचा बाप येऊ दे! माझ्या कपाळावर एक आठी दिसली तर नाव बदलीन!"

प्रल्हादरावांनी ही घोषणा केली तेव्हा दुबईत अल बर्शातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते, वासंतीवहिनी आणि कन्या मिहिका एवढेच होते. पण आवाज असा लावला होता की समोरच्या टॉवरमधल्या लोकांनाही धीर यावा.

प्रल्हादराव टिपणीस सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतात. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला गुडघेदुखी होते, यांना शिडाच्या बोटीचं वेड लागलं. क्लबात जाऊन रीतसर शिकले. शनिवारी परीक्षा होती. पास झाले की क्लबच्या 'नजमा' या बोटीची किल्ली त्यांच्या हातात पडणार, आणि मग सोबत कुणी शिकवणारा नको! मिहिका ऑगस्टमध्ये शिकायला ऑस्ट्रेलियाला निघणार होती. ती जायच्या आत एक तरी फेरी अशी मारायची, की बाबा कॅप्टन आणि लेक पॅसेंजर! हे स्वप्न त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे फक्त ऑफिस, बिल्डिंग आणि मराठी मंडळाचा ग्रुप.

आता ऑर्का मध्येच कुठून आला? तर स्पेनकडच्या समुद्रात हे काळे-पांढरे महाकाय देवमासे शिडाच्या बोटींची सुकाणू खेळता खेळता मोडून टाकतात. बरं, तिथे ते मूठभरच उरलेत, त्यामुळे त्यांना नखही लावायचं नाही! आपल्या इथल्या समुद्रातही मधूनमधून त्यांचं दर्शन घडतं म्हटल्यावर क्लबने परीक्षेत ऑर्का-ड्रिल घातलं. सुकाणूला धक्का जाणवला की शीड खाली, इंजिन बंद, सुकाणूच्या चाकावरून हात काढून मांडीवर, कडेला कुणी जायचं नाही, आवाज नाही, हालचाल नाही.

हे ड्रिल प्रल्हादरावांनी आठवडाभर घरात घेतलं. डायनिंग टेबल म्हणजे बोट. "धक्का!" असं ते कधीही ओरडायचे, की सगळ्यांनी आहे तिथे गोठायचं. एकदा वहिनी उलथनं हातात धरून गोठल्या आणि पोहे करपले.

"अहो, तो आपलं सुकाणू मोडणार आणि आपण मांडीवर हात ठेवून बघत बसायचं?"

"हो! तो दुर्मिळ आहे. आपल्यासारखी माणसं बर दुबईत वाट्टेल तेवढी मिळतात."

"बाबा, दॅट्स अ‍ॅक्चुअली करेक्ट," मिहिका म्हणाली. लेकीने 'करेक्ट' म्हणण्याचा हा त्या वर्षातला पहिलाच प्रसंग! प्रल्हादराव फुलून आले.

वहिनींना मात्र वेगळीच काळजी. त्यांचं माहेर मुरूडचं. तिथे नवा माणूस होडी हाकायला निघाला आणि समुद्राला नारळ दिला नाही, असं कधी घडलेलंच नाही. त्या सरळ बर दुबईतल्या देवळाच्या गल्लीत गेल्या आणि चांगला शेंडीवाला नारळ घेऊन आल्या.

"समुद्रात काहीही टाकायचं नाही!" प्रल्हादराव कडाडले. "क्लबचा कायदा आहे. एक टाचणी टाकलीस तरी किल्ली गेली!"

"टाकणार नाही हो. नुसता दाखवणार." वहिनी शांतपणे म्हणाल्या. "दोरी बांधून बुडवते आणि वर घेते. घरी आल्यावर वड्या करते. समुद्राचाही मान राहील, क्लबचाही."

"नाही म्हणजे नाही! खलास!"

वहिनींनी मान हलवली. ही मान कुठल्या दिशेला हलली, ते पाहण्याची तसदी प्रल्हादरावांनी घेतली नाही. तीस वर्षांच्या संसारात माणूस इथेच फसतो!

शनिवारी सकाळी समुद्र ताटात ओतलेल्या सोलकढीसारखा निवांत होता. परीक्षक कॅप्टन झारा ही तिशीतली इमाराती मुलगी. बोलायची कमी, बघायची जास्त. हिंदी मात्र अशी झकास, की प्रल्हादरावांची हिंदी तिच्यापुढे लंगडी पडायची.

"अंकल, यल्ला, चलो! आज बोट आपकी."

आणि खरंच सांगते, बोट त्यांचीच होती! शीड असं उभं केलं की वाराही खूश व्हावा. वळण असं घेतलं की वहिनींच्या मांडीवरचा ढोकळ्याचा डबा जागचा हलला नाही. झारा दोनदा "ठीक है" म्हणाली. क्लबातले लोक सांगतात, ती वर्षाला तीनदा म्हणते.

याच सुमारास, सगळ्यांची पाठ आहे असं पाहून, मागच्या बाकावर बसलेल्या वहिनींनी पिशवीतून हळदकुंकू लावलेला नारळ काढला, डोळे मिटले आणि दोरीने हळूच पाण्यात सोडला. नेमकी त्याच क्षणी प्रल्हादरावांनी बोट वळवली.

ठक्!

चाक हातात थरथरलं. प्रल्हादरावांनी ते घट्ट धरलं.

ठक्! ठक्!

"धक्का!!" ते असे गरजले की झाराच्या हातातली पाण्याची बाटली पडली. "शीड खाली! इंजिन बंद! हात मांडीवर!"

"अंकल, ड्रिल मैंने अभी बोला नहीं..."

"ड्रिल नाही! नो ड्रिल! सच्ची मुच्ची आया है!"

झाराने चाकावर बोटं टेकवली. ठक्! चाकाने तिलाही झटका दिला. तिचा चेहरा गंभीर झाला. ती खाली बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले.

शांतता! पाणी बोटीला चाटतंय, एवढाच आवाज. आणि मधूनच, खालून, ठक्.

प्रल्हादरावांच्या कपाळावर आठी नव्हती. घाम होता, पण घामाबद्दल ते काही बोललेच नव्हते.

वहिनींनी हळूच दोरी ओढून पाहिली. दोरी येईना. जरा जोरात ओढली. तर खालून कुणीतरी उलट ओढली! वहिनी पांढऱ्याफटक पडल्या.

"अहो..." त्या कुजबुजल्या. "त्याने धरलाय."

"कुणी?"

"त्याने!"

"काय धरलाय?"

"नारळ."

प्रल्हादरावांनी दोरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक चित्रं उभी राहिली. ऑर्काच्या दातांत अडकलेली दोरी. घशात गेलेला नारळ. जगातला एक दुर्मिळ प्राणी, आणि त्याचा घास घेणारं अल बर्शाचं टिपणीस दांपत्य!

"कापून टाकू का दोरी? कुणाला कळणार नाही," वहिनी पुटपुटल्या. "तुमची किल्ली..."

झारा चार हातांवर बसली होती. मराठी तिला येत नव्हती. दोरी कापली असती तर प्रकरण तिथेच पाण्यात बुडालं असतं. प्रल्हादरावांनी मिहिकाकडे पाहिलं. ती डोळे मोठे करून पाण्याकडे बघत होती, लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडे बघायची तशी.

"नको," ते म्हणाले. "दोरी घेऊन तो कुठे जाईल बिचारा?"

आणि त्यांनी रेडिओ उचलला. "सर्व बोटींना सूचना! धिस इज नजमा. वुई हॅव ऑर्का. ऑर्का इज इन अवर रोप. चूक आमची आहे. माय फॉल्ट, सर. प्लीज सेंड अ‍ॅनिमल डॉक्टर!"

झारा गर्रकन वळली. "रोप? कौन सा रोप?"

"पूजा का," प्रल्हादराव म्हणाले आणि मान खाली घातली. "मेरे बोट पे हुआ, तो मेरा ज़िम्मेदारी."

मग जे सुरू झालं ते काय विचारता! गस्तीची बोट आली आणि दूरवर इंजिन बंद करून थांबली. दोन पांढऱ्या यॉट आल्या आणि थांबल्या. पर्यटकांनी भरलेली एक लाकडी अरबी होडी, म्हणजे धाऊ, गाणी वाजवत आली आणि गाणी बंद करून थांबली. भर समुद्रात एवढी माणसं एवढी गप्प, जणू सगळ्यांची मिळून दहावीची परीक्षा चालली होती! प्राण्यांचा डॉक्टर किनाऱ्यावरून निघालाय, असा निरोप आला.

"ज़ख़्म कहाँ है, वो डॉक्टर को बोलना पड़ेगा," झारा म्हणाली. "कॅमेरा है किसी के पास?"

मिहिकाने काठीला लावलेला छोटा कॅमेरा पोटावर सरपटत जाऊन पाण्यात सोडला आणि फोनच्या स्क्रीनकडे पाहू लागली. पाहतच राहिली.

"बाबा."

"काय गं? रक्त आहे का?"

"नो."

"दात दिसतात?"

"नो, बाबा. इट हॅज... कुंकू."

स्क्रीनवर, सुकाणू आणि बोट यांच्या फटीत घट्ट अडकून, हळदकुंकू लावलेला नारळ तीन डोळ्यांनी प्रल्हादरावांकडे बघत होता. लाट आली की तो सुकाणूवर आपटायचा. ठक्! आणि चाक फिरलं की दोरी ओढली जायची.

झाराने तोंड समुद्राकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"अंकल," ती कशीबशी म्हणाली, "सबको बताना पड़ेगा."

प्रल्हादरावांनी पुन्हा रेडिओ उचलला. एवढा जड रेडिओ त्यांनी आयुष्यात उचलला नसेल. "सर्व बोटींना... धिस इज नजमा. नो ऑर्का. कॅन्सल डॉक्टर. इट इज..." त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "इट इज कोकोनट."

रेडिओवर खरखर. मग धाऊकडून अस्सल मराठी आवाज आला: "प्रसाद मिळेल का हो?"

समुद्राने एवढा हशा याआधी ऐकला नसेल! गस्तीच्या बोटीने भोंगा वाजवला. यॉटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. धाऊवर गाणी पुन्हा सुरू झाली, आणि एकेक करून सगळे निघून गेले. मिहिकाने हुकाने नारळ सोडवून वर घेतला. धक्क्यांनी त्याला एक चीरही गेली नव्हती.

"चला परत," प्रल्हादराव म्हणाले. इंजिन सुरू करायला त्यांनी हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला.

दूर नाही, अगदी हाकेच्या अंतरावर, पाण्यातून पाठीवरचा एक काळा, टोकदार पर वर आला. वर येतच राहिला. माणसाएवढा उंच! त्याच्या मागे दुसरा, लहान. त्याच्या बाजूला तिसरा.

प्रल्हादरावांनी कुजबुजत्या आवाजात रेडिओवर कळवलं, "सर्व बोटींनी वेग कमी करा. ऑर्का. या वेळी खरा."

"कळलं साहेब," तोच मराठी आवाज. "याला शेंडी आहे का?"

एकही बोट मागे वळली नाही. समुद्रावर ते चौघंच. मिहिकाचा हात फोनकडे सरकला. प्रल्हादरावांनी नुसतं पाहिलं. हात मांडीवर परत गेला. हालचाल नाही म्हणजे नाही! मोठा ऑर्का बोटीखाली आला, त्याच्या डोळ्यामागचा पांढरा पट्टा पाण्यात चमकून गेला. सुकाणूला एकदाच, अगदी हलकं, नाक लागलं. पाहुणा दारावरून जाताना कडी वाजवून जातो ना, तसं. मग फुस्स करून तिघांनी श्वास सोडला आणि खोल पाण्याकडे निघून गेले.

मिहिकाने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ते तिने शेवटचं कधी टेकवलं होतं, हे त्यांना आठवेना.

पुरावा शून्य! फोटो नाही, व्हिडिओ नाही. व्हिडिओ होता तो नारळाचा, आणि तो संध्याकाळपर्यंत मराठी मंडळाच्या ग्रुपवर पोचला.

किल्ली मात्र मिळाली. "जो अपनी ग़लती ख़ुद रेडियो पे बोलता है, उसको बोट देने में मुझे डर नहीं," झारा म्हणाली. किल्ली पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून क्लबात तिला कॉर्कचा गोळा लावतात. नजमाच्या गोळ्यावर कुणीतरी तीन डोळे काढून वर काथ्याची शेंडी चिकटवली होती. वहिनींनी त्याला कुंकू लावलं. "बरं झालं. आता दर वेळी वेगळा नारळ नको!"

पुढच्या शनिवारी बाबा कॅप्टन, लेक पॅसेंजर आणि मांडीवर वड्यांचा डबा घेतलेल्या वहिनी, अशी नजमा धक्क्यावरून निघाली. शीड ताठ, छाती ताठ! एवढ्यात बंदरातून रेडिओवर आवाज आला, "कोकोनट, कोकोनट, यू आर क्लिअर टू गो."

मिहिका फिसकन हसली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. प्रल्हादरावांनी रेडिओ तोंडाजवळ नेला. कपाळावर एक आठी नव्हती.

"कोकोनट," ते म्हणाले. "कॉपी."