गालिच्याचे वाटेकरी

महाडच्या धम्मपालला पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा फोन आला तेव्हा तो गाडीखाली आडवा होता आणि त्याची बायको मानसी टेप घेऊन गाडीची जागा मोजत होती. गाडी भंगारात गेली की तिथे तिची पिठाची गिरणी बसणार होती.

"काय म्हणतात हो?"

"आपली गाडी क्लबात घेतील म्हणे. पण आतलं सगळं मूळचं पाहिजे, पायाखालचा गालिचासुद्धा. रविवारी माणूस बघायला येतोय."

"आणि नाही घेतली तर?"

"तर सोमवारी भंगारवाला. शब्द दिला."

शब्द देताना धम्मपालला गालिचा कुठे आहे हे माहीत नव्हतं.

गाडी लाल, विलायती, दोन सीटांची, बिनछपराची. मुंबईतला एक साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने ती आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे धम्मपालच्या वडिलांना, अरविंदरावांना देऊन टाकली. ती पहिल्यांदा महाडात शिरली तेव्हा लोकांना वाटलं, उरलेली गाडी मागून येतेय. एकवीस सालच्या पुरात ती स्टिअरिंगपर्यंत चिखलात गेली. तेव्हापासून धम्मपालने ऑफिस सांभाळून एकेक भाग जिवंत केला होता. राहिला होता तळाचा उघडा पत्रा.

"बाबा, गालिचा कुठाय?"

"वाटला," अरविंदराव म्हणाले.

"वाटला म्हणजे?"

"साहेबाची गाडी होती तवर ठीक, त्याचं पाय. आपली झाल्यावर एवढ्या मऊ कापडावर मला चप्पल ठेववंना. मग ज्याला गरज लागली त्याला कापून दिला. एक तुझ्या चंपाआत्याला, एक दासगावच्या कुशाबाला. तिसरा आपल्याच मिक्सरखाली हाय."

गालिचा पुरातून वाचला होता, कारण तो गाडीत नव्हता.

मिक्सरखालचा तुकडा लगेच निघाला. त्याच संध्याकाळी चटणी वाटताना मिक्सर ओट्यावर चालू लागला आणि कडेला पोचल्यावर थांबला नाही. मानसीने त्याचे अवशेष धम्मपालच्या उशाशी मांडून ठेवले.

पोलादपुरात चंपाआत्याचा तुकडा शिलाई मशीनच्या पायट्यावर होता.

"धम्म्या, ह्यावर पाय ठेवून मी पोरं शिकवली रे. लग्नात दादानं दिलेला. माझी पाठवणी त्याच गाडीतनं झाली. दादा चालवत होता, मी शेजारी."

"आणि मामा?"

"दोनच तर सीटा! ते मागनं एसटीनं आले. मी माप ओलांडायला दारात उभी, तर सासू इचारते, गो, आमचा पोरगा कुठाय?" आत्या इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग तिने तो पुन्हा घातला. "तुकडा देते. पण मी संगती येणार. त्यावर पाय माझाच पडंल."

दासगावला कुशाबाकाकाचा तुकडा ट्रॅक्टरच्या सीटवर होता. त्याआधी तो बैलाच्या मानेवर जुवाखाली होता आणि त्याच्याही आधी तान्ह्या पोराखाली.

"बायको अडली होती. अरविंदानं तिला गाडीत घातली नि दवाखान्यात पोचवली."

"आणि तुम्ही?"

"मी मागं डिकीवर उताणा. वर सगळं आभाळ, खाली खड्डं. पोरगा होईल का मीच जाईन, काय समजंना." काकाने तुकडा उलटून झटकला. "पोराखाली घालायला म्हणून तुझ्या बापानं तिथंच कापला रे. फुकट नाय मिळायचा. मी बी येनार."

शनिवारी चंपाआत्याने तिन्ही तुकडे जोडून शिवले. एक मशीनच्या तेलाने काळा, एक उन्हाने गुलाबी, एक हळदीने पिवळा. मूळचा रंग कोणता, यावर कुणाचंच एकमत नव्हतं.

रविवारी क्लबचे राजेंद्र आले. गाडीत अरविंदराव स्टिअरिंगवर, शेजारी आत्या, डिकीवर बसून पाय आत सोडलेले कुशाबाकाका. गालिचा दिसतच नव्हता.

"जरा उतरता का?" राजेंद्रांनी विचारलं.

"आमी कशाला उतरू? तुमी वाका," काका म्हणाले. "माझा पाय माझ्या तुकड्यावर हाय."

राजेंद्र वाकले, सहा पायांमधून वाट काढत आत शिरले आणि बोटाने लोकर चोळून बाहेर आले.

"लोकर अस्सल आहे. पण ही हळद?"

"माझी," मानसी म्हणाली. का कोण जाणे, जरा अभिमानाने.

राजेंद्रांनी चहा घेतला, पोह्यांचं कौतुक केलं आणि सांगितलं, की गालिचा मूळचा आहे, पण मूळ अवस्थेत नाही. क्लबला गाडी घेता येणार नाही.

ते गेले. मग अरविंदराव म्हणाले, "चंपे, उतर जरा. सूनबाई, तुमचा बी तुकडा हाय. बसा की."

मानसी लग्न होऊन आल्यापासून ती गाडी पुसत आली होती. बस, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. अरविंदरावांनी तिला सावित्रीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. परतली तेव्हा तिचे केस चौफेर उडाले होते आणि ते सारखे करायचं तिच्या लक्षात नव्हतं.

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. शब्द म्हणजे शब्द. धम्मपाल जड आवाजात म्हणाला, "उचला."

"थांब रे," कुशाबाकाका म्हणाले. ते सकाळपासून डिकीवरच होते. "माझा तुकडा हाय त्यात. इचारलंस?"

"काका, तुमचा काढून देतो की."

"शिवलाय मी," आत्या म्हणाली. "उसवायचा तर मीच उसवणार. नि मला आता दिसत नाय."

"मी तर दिलेलाच नाय," अरविंदराव म्हणाले. "वापरायला दिलेला."

भंगारवाला वैतागला. "अहो, मालक कोण ते ठरवा एकदा!"

तीन हात वर झाले. मग दारातून चौथा झाला. तो मानसीचा होता.

भंगारवाल्याने धम्मपालकडे पाहिलं. "तुमचा तुकडा कुठला?"

धम्मपालने आठवून पाहिलं. त्याचा एकही तुकडा नव्हता.

"मग तुम्ही कशाला मधे बोलता?" भंगारवाला म्हणाला आणि त्याने टेम्पो वळवला.

"अगं, पण तुझी गिरणी?" धम्मपालने विचारलं.

"तुमचा पलंग हलवला की बसते," मानसी म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.