तपेल्यातलं पाणी

प्रेमलताचं एकोणीस किलो वजन उतरलं, तेव्हा तिला वाटलं होतं, लोक एकदा विचारतील आणि गप्प बसतील. लोकांनी विचारलं. गप्प कोणीच बसलं नाही.

मल्हारगंजात गल्लीच्या तोंडाशी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, यतीनचं, पोहे-जिलेबीचं दुकान. जिलेबीच्या कढईपाशी यतीन, पोह्यांच्या परातीपाशी प्रेमलता. दुकान मूळचं तिच्या सासऱ्यांचं, बाबूरावांचं. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण पद्धत त्यांचीच चालू होती. खाली मोठ्या तपेल्यात पाणी खदखदतंय, वर पोह्यांची परात, आणि सकाळी सातपासून अकरापर्यंत पोहे त्या वाफेवर मऊ आणि गरम. वरून जीरावन मसाला, शेव, कांदा. इंदुरात पोहे कोणीही विकतं. वाफ सांभाळणारे थोडे.

तर प्लेट हातात घेतली की बायका विचारायच्या, "भाभी, काय घेता हो तुम्ही?"

"काही घेत नाही. चालते. रात्री दोन पोळ्या खाते, आधी पाच खायची. बस."

यावर बायका असं हसायच्या, जणू प्रेमलताने सोन्याचा भाव चुकीचा सांगितला. दिवसभर जिलेबीच्या वासात बसणारी बाई नुसती चालून बारीक होते, हे कोणाच्या गळी उतरेना. कोणी म्हणालं ऑपरेशन केलं असेल. कोणी म्हणालं मुंबईहून गोळ्या येतात. एकीने तर यतीनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं बरं आहे ना, भाभींना काही दुखणं तर नाही. प्रेमलताच्या डोक्यात तिडीक जायची. तिचा स्वभावच तसा. फुंकर न घालता पेटणारा.

सगळ्यात चिवट होती दुकानासमोरच्या घरातली चारुलता. दोन महिन्यांनी तिच्या लेकीचा, उर्वीचा साखरपुडा होता, आणि माहेश्वरी साडीवरचा जुना ब्लाउज चारुलताला कोपराच्या वर चढत नव्हता. तिला रहस्य हवं होतं, आणि लवकर हवं होतं. ती रोज सकाळी दूध घ्यायच्या निमित्ताने यायची आणि प्रेमलताच्या हातांकडे बघत उभी राहायची.

आणि एका गुरुवारी तिला ते दिसलं.

प्रेमलता घरून, म्हणजे परदेशीपुऱ्याहून, तासभर चालून आली होती. थंडीचे दिवस, घसा सुकलेला. पाण्याचा माठ गार. तिने तपेल्यातून एक ग्लास गरम पाणी काढलं, जरा निवू दिलं आणि घटाघट प्यायली. हे ती रोजच करायची. त्यात बघण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

चारुलता दुधाची पिशवी हातात घेऊन जागीच थांबली. मग पुढे होऊन खालच्या आवाजात म्हणाली, "अच्छा. तर हे आहे."

"काय हे?"

"भापेचं पाणी. पोह्यांची हळद, सौंफ, सगळा अर्क त्यात उतरतो ना? मतलब रिकाम्या पोटी घेता. एक ग्लास."

प्रेमलताने सांगितलं की ते नळाचं पाणी आहे. चारुलताने समजुतीने मान हलवली. तिने एक ग्लास मागून घेतला, डोळे मिटून प्यायली आणि म्हणाली की पोटात हलकं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली आणली. तिसऱ्या दिवशी सात जणी बाटल्या घेऊन आल्या, कारण चारुलताने गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं की कोणाला सांगू नका. सोमवारपर्यंत रांग पानवाल्याच्या पुढे गेली. छत्रीबागेहून एक आजी रिक्षा करून आल्या, त्यांच्या हातात पाच लिटरचा डबा होता.

प्रेमलता नाही म्हणाली. खडसावून म्हणाली. पण यतीन पडला मवाळ माणूस, आणि रांग बघून त्याचे डोळे चमकत होते. पाणी नुसतं कसं द्यायचं म्हणून त्याने मधला रस्ता काढला: पोहे-जिलेबी घेणाऱ्यालाच पाणी. त्यामुळे बायका वजन उतरवण्यासाठी रोज एक प्लेट पोहे आणि शंभर ग्रॅम जिलेबी खाऊ लागल्या. आठवड्याने चारुलताचं वजन दीड किलोने वाढलं. ती तक्रार घेऊन आली, की भाभी, तुम्ही त्यात शेवटी जे टाकता, ते आम्हाला देत नाही.

त्या रागात प्रेमलताने खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर काळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यहाँ वजन कम करने का पानी नहीं मिलता', आणि दुकानावर टांगलं. ज्यांना आतापर्यंत काहीच ठाऊक नव्हतं, तेही थांबून वाचू लागले. एका माणसाने वाचलं, हळहळला, आणि विचारलं, "कल कितने बजे तक मिल जाएगा?"

खरं संकट मात्र तपेल्यात होतं. पाणी काढलं की यतीन गार पाणी ओतायचा. गार पाणी पडलं की उकळी मोडायची. उकळी मोडली की वाफ बसायची, आणि परातीतले पोहे कडेने वाळायला लागायचे. पाणी मागणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. पण बुधवारी अप्पासाहेब आले.

अप्पासाहेबांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, आणि अप्पासाहेब अजूनही तपासणीला आल्यासारखेच दुकानात यायचे. एकादशी सोडली तर चाळीस वर्षं त्यांचा नाश्ता इथेच. ते जिथे खातात तिथे त्यांच्यासोबत सकाळी फिरणारे आठ म्हातारे खातात, आणि ते आठ जण जिथे खातात तिथे अर्धं मल्हारगंज. बाटल्यांच्या रांगेतून वाट काढत त्यांनी प्लेट घेतली. पहिला घास चावला. जास्त वेळ चावला. मग प्लेट अलगद फळीवर ठेवली.

"सूनबाई, बाबूरावांच्या जागेवर बसून सुके पोहे देताय?"

त्यांनी रुमालाने हात पुसले. उद्यापासून आपण घरी दलिया खाऊ, असं ते शांतपणे म्हणाले आणि निघाले. मागोमाग आठही म्हातारे.

प्रेमलताला लग्नानंतरचे दिवस आठवले. वाफ कधी बसते हे झाकण न उघडता कसं ओळखायचं, ते शिकायला तिला दोन वर्षं लागली होती. शिकवताना बाबूराव एकदाही ओरडले नव्हते. पोहे बिघडले की नुसते तिच्याकडे बघायचे. आता त्या बघण्याची तिला आठवण झाली आणि तिने हातातला झारा परातीत आपटला.

"अहो, उद्या दुकान तुम्ही उघडा," ती यतीनला म्हणाली. मग रांगेकडे वळली. "आणि तुम्ही ऐका. ज्यांना खरं हवंय त्यांनी उद्या सकाळी सहाला माझ्या घरी परदेशीपुऱ्याला यायचं. सगळं दाखवते. पाण्याचा थेंब आता कोणाला मिळणार नाही."

सकाळी सहाला तिच्या दारात अकरा जणी हजर होत्या. सगळ्या मल्हारगंजाहून रिक्षाने आल्या होत्या. प्रेमलताने चपलांच्या जागी बूट घातले, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"मल्हारगंजला."

आत्ताच तर तिथून आलो, असं एक जण म्हणाली. प्रेमलता तोवर गल्लीच्या टोकाला पोहोचली होती.

पुलापर्यंत तिघी गळाल्या. पुढे एका कोपऱ्यावर गरम कचोरी निघत होती, तिथे चौघी फक्त श्वास घ्यायला थांबल्या आणि परत दिसल्या नाहीत. दोघींना ओळखीचा रिक्षावाला भेटला. एकीच्या गुडघ्याने नकार दिला. शेवटी उरली एकटी चारुलता. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि ती पाय फरपटत, पदराने घाम पुसत मागे येत होती.

"मतलब भाभी, रोज? पूर्ण पैदल?"

"रोज."

"कंटाळा नाही येत?"

"येतो."

"मग सुरू कशाला केलं? कोणी सांगितलं डॉक्टरने?"

हे प्रेमलताने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. घरातली गोष्ट घरात राहावी असं तिला वाटायचं. पण डोळ्यांसमोर अप्पासाहेबांनी ठेवलेली प्लेट होती. आज खरं ते सगळं सांगून टाकायचं, असं ती घरूनच ठरवून निघाली होती.

बारा महिन्यांपूर्वी ती यतीनच्या स्कूटरवर मागे बसून दुकानात यायची. एकदा वाटेत हवा भरायला थांबले. पंक्चरवाल्यासमोर, आणखी चार माणसांसमोर यतीन म्हणाला, "भिया, मागे जरा जास्त भर, प्रेमा बसते." चारही माणसं हसली. प्रेमलता स्कूटरवरून उतरली आणि उरलेली वाट चालत आली. त्या दिवसापासून ती स्कूटरवर बसली नव्हती.

चारुलता रस्त्यात थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर पूर्ण विश्वास दिसत होता.

"हे आधी नाही का सांगायचं, भाभी," ती म्हणाली.

शुक्रवारी एकही बाटली आली नाही. शनिवारीही नाही. तपेल्यातलं पाणी मनासारखं खदखदलं, परातीच्या कडेने वाफ निघाली, आणि प्रेमलताने तो पुठ्ठा काढून चुलीत घातला. सांगितलं खरं आणि पटलं लोकांना, या विचाराने तिला दोन दिवस शांत झोप लागली.

रविवारी सकाळी दुकानापुढून चारुलता गेली. लाल चेहरा, नाकाचा शेंडा ताठ, तरातरा चाल. पाठोपाठ महिला मंडळाच्या आणखी नऊ जणी, एकमेकींपासून थोड्या अंतराने, तशाच रागात. प्रत्येकीने घरी जाऊन नवऱ्याचं काही ना काही शोधून काढलं होतं. शोधायला कोणालाच वेळ लागला नव्हता.

आठ वाजता चारुलताचा नवरा विपुल दुकानाशी आला. त्याच्या मागे गल्लीतले आणखी नवरे. घरी चहासुद्धा झालेला नव्हता.

"यतीन भिया," तो म्हणाला, "तुला स्कूटरवर तोंड उघडायची काय गरज होती यार?"

यतीनने मान खाली घालून जिलेबी तळली. नवऱ्यांनी दोन-दोन प्लेट पोहे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. भरलेलं दुकान बघून पंधरवड्याने अप्पासाहेब थांबले, थोडा वेळ लांबून बघितलं, आणि आत आले. प्रेमलताने प्लेट वाढली आणि झारा हातात धरून तशीच उभी राहिली. त्यांनी घास घेतला. फार चावावा लागला नाही.

"हं. बाबूरावांचे," ते म्हणाले, आणि आठ म्हाताऱ्यांसाठी हात वर केला. मग विपुलकडे वळून त्यांनी सांगितलं की आमच्या घरात पन्नास वर्षांपासून राग आहे, पण आमची ही रिक्षाने जाते, त्यामुळे गुण आला नाही.

साखरपुडा झाला. माहेश्वरीवरचा ब्लाउज शेवटी टेलरने दोन्हीकडून उसवून बसवला. दोन महिन्यांत चारुलताचं सव्वा किलो उतरलं होतं, आणि ते तिला पुरेसं वाटत नव्हतं. ती एका सकाळी फळीला टेकून, अगदी हताश होऊन म्हणाली, "भाभी, माझा राग टिकतच नाही. तिसऱ्या दिवशी विपुल कचोरी घेऊन येतो आणि मी विसरते. तुम्ही रोज नवा राग कुठून आणता?"

प्रेमलता पोहे हलवता हलवता थांबली. राग. तिने आत शोधून पाहिलं. तिथे काही नव्हतं. कधी गेला तेही आठवेना.

"राग फक्त पहिल्या दिवशी होता, चारू," ती म्हणाली. "पुढचे चारशे दिवस मी नुसती चालले."

चारुलता फळीवरून पुढे वाकली. मग आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहून म्हणाली, "ठीक आहे, नका सांगू."

दुपारी दुकान बंद झालं. यतीनने स्कूटर काढली आणि बसला. तो एकटाच बसला, तरी मागचं चाक खाली दबलं. उरलेली जिलेबी रोज तोच संपवत होता. तो दबलेल्या चाकाकडे बघत राहिला, प्रेमलताही. मग ती वळली. पिशवी खांद्याला लावून चालू लागली.

थोड्या वेळाने तिला मागून पावलं ऐकू आली. यतीन स्कूटर हाताने ढकलत येत होता. दोघं पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत आले. पंक्चरवाल्याने आधी चाकाकडे बघितलं, मग यतीनच्या पोटाकडे, आणि हवेचा पाइप उचलला.

"राहू दे, भिया," प्रेमलता म्हणाली. "हवा बरोबर आहे."