कळंबे सरांचं नेलपॉलिश

आमच्या गल्लीत सर्वांत जास्त नेलपॉलिश कोण विकत घेत असेल, तर सत्तरी ओलांडलेले कळंबे सर. पांढुर्ण्याच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात बायकांच्या घोळक्यात उभे राहून ते स्पष्ट आवाजात सांगतात, "लाल. लवकर वाळणारं." दुकानदाराने एकदा विचारलं, "सर, कोणासाठी घेऊन राहिले?"

"गोगलगायींसाठी," सर म्हणाले. एवढा खुलासा त्यांना पुरेसा वाटला.

सर आमच्या समोर राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तरुणपणी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी लिंपेटचा अभ्यास केला होता. लिंपेट म्हणजे टोपीसारखं कवच असलेली, खडकाला घट्ट चिकटून राहणारी समुद्री गोगलगाय. भरतीत ती शेवाळ खरवडत फिरते आणि ओहोटीपूर्वी नेमक्या आपल्या जागी परत येते. कवचाची कड त्या जागेच्या उंचसखल दगडावर घासून घासून अशी बसलेली असते, की दुसरीकडे ती बसतच नाही. कोण कुठे परततं ते कळावं म्हणून सर प्रत्येक टोपीवर नेलपॉलिशचा ठिपका देत. पुढे नोकरी लागली ती पांढुर्ण्यात. इथून समुद्र कुठल्याही दिशेला सारखाच अशक्य आहे. सरांनी अभ्यास मात्र थांबवला नाही, फक्त प्राणी बदलला. म्हणजे आम्ही.

"दाटी झाली का टोप्या लहान रायते," हे त्यांचं आवडतं वाक्य. एका खडकावर लिंपेट वाढले की शेवाळ वाट्याला कमी येतं आणि कोणीच नीट वाढत नाही. लग्नातल्या बुफेत पनीरच्या भांड्याभोवतीची गर्दी पाहून ते न जेवता परत येतात. "शेवाळ संपलं," एवढंच सांगतात. मला एकदा विचारलं, "तुमच्या कॉन्व्हेंटात एका वर्गात किती पोरी होत्या?" मी आकडा सांगितला. "म्हणून तुझा आवाज लहान राहिला." माझ्या अबोलपणाची घरच्यांनी पुष्कळ कारणं शोधली होती. शेवाळ कोणालाच सुचलं नव्हतं.

सरांच्या म्हणण्याप्रमाणे जाम नदीत लिंपेटचा एक गरीब चुलतभाऊ राहतो, तांदळाच्या कणीएवढा. तो ज्या दगडावर दिसेल त्याला सर ठिपका देतात. मग पोळ्याचा दुसरा दिवस येतो, गोटमार होते, म्हणजे दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगडफेक करतात, आणि सरांचे दगड इतर दगडांबरोबर पलीकडच्या काठावर जातात. त्यानंतर सर पलीकडच्या सावरगावात मान खाली घालून फिरताना दिसतात. "समुद्रात दगड जागेवर रायते, जीव फिरते," ते मला म्हणाले. "इथं दगडच फिरून राहिले. आता यातून मी काय निष्कर्ष काढू, बापा?"

त्यांच्या ओट्यावरही चार लाल ठिपके होते, त्यांच्या खुर्चीच्या अगदी शेजारी. तिथे काहीच नसे. पण भाजीवालीने टोपली टेकवली की सर म्हणत, "तिथं नको, माय. ती जागा भरेल आहे." लोकांना तो मुंग्यांवरचा प्रयोग वाटायचा.

मागच्या उन्हाळ्यात सर न्हाणीत घसरून पडले. दार तोडावं लागलं. म्हणून यंदा गोटमार झाल्यावर त्यांची मुलगी माधवीताई पुण्याहून आली, ती त्यांना कायमचं न्यायलाच.

"उपटून दुसऱ्या खडकावर ठेवला का कवच बसत नाही," सर ओट्यावरून म्हणाले. "फट रायते. ओहोटीत वाळून जाते."

"बाबा, तिथे ओहोटी नाही. लिफ्ट आहे."

"खालवर होते ना? मग तेच ते."

पण माधवीताईने न्हाणीच्या तोडलेल्या दाराकडे बोट दाखवलं. ते नमले. तिकिटं निघाली, घर भाड्याने द्यायचं ठरलं. माधवीताईने घर धुऊन काढलं आणि थिनरच्या फडक्याने ओटाही लख्ख केला.

सकाळी सर बाहेर आले आणि उभेच राहिले. मग आतून बाटली आणली, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. ब्रश फरशीजवळ नेला. मागे घेतला. थोडा डावीकडे नेला.

"काय झालं, बाबा?" माधवीताईने विचारलं.

"तुझ्या आईची खुर्ची. कुठं होती?"

दोन गोगलगायींमधलं अंतरही टेपने मोजणारा हा माणूस. तो म्हणाला, "हे कधी मोजलं नाही."

मी आमच्या पायरीवर बसले होते. मी कोणाच्या घरच्या गोष्टींत पडत नाही. पण काकू होत्या तेव्हा तिथे तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या, तेही मी याच पायरीवरून पाहिलं होतं. मी रस्ता ओलांडला आणि सरांच्या हातातून बाटली घेतली.

"एक पाय या भेगेत असायचा," मी म्हणाले. "काकू हलल्या की खुर्ची डुगडुगायची."

"डुगडुगायची," सर म्हणाले. "सरकवतो म्हटलं तर सरकवू देत नव्हती."

मी भेगेपासून सुरुवात करून चार ठिपके दिले.

"माधवी," सरांनी विचारलं, "तुझ्या बाल्कनीतल्या फरशीले भेग आहे का?"

"नाही, बाबा. नवी फरशी आहे."

सरांनी मान हलवली. माधवीताईने फोन हातात घेतला. "तिकीट रद्द करते," ती म्हणाली. "न्हाणीची कडी मात्र मी आजच काढून टाकणार." मग आत जाऊन तिने एक खुर्ची आणली.

"थांब जराशी," सर म्हणाले. "ओलं आहे अजून."

लवकर वाळणारं होतं. तरी आम्ही तिघं बराच वेळ थांबलो.