डाव्या खांद्याचे साधर्म्य

दुष्ट माणूस कोणासारखाही दिसू शकतो. म्हणूनच पडद्यावर तो कोणासारखाही दिसता कामा नये असे धोरण ठरले, आणि ते राबवण्यासाठी तीन मजली साधर्म्य निवारण कार्यालय उभे राहिले. (चौथा मजला मंजूर आहे.) कार्यालयाचे काम सरळ होते. चित्रपटातल्या खलपुरुषाचे कोणा थोर व्यक्तीशी साधर्म्य आढळल्यास ते दूर करणे. कोणाशी आढळले, हे मात्र लिहायचे नव्हते; तसे लिहिणे म्हणजे त्या थोर व्यक्तीला दुष्ट म्हणणे, आणि ते लिहिणाऱ्याच्याच अंगाशी आले असते. त्यामुळे फॉर्मवर दोनच रकाने होते. एक 'अवयव' आणि दुसरा 'ठेवावा / काढावा'.

या कार्यालयामुळे शिवणबाईला भरपूर काम मिळाले. ती स्टुडिओच्या कपडेपटात सत्तावीस वर्षे मशीनवर होती. 'झेपवीर'च्या पहिल्या भागातला नायकाचा निळा झगा तिच्याच हातचा. त्या भागात झेपवीराने पृथ्वीवर आदळायला निघालेला धूमकेतू एका हाताने अडवला होता. (दुसरा हात कमरेवर होता, कारण झगा काखेत उसवला होता.) चित्रपट तुफान चालला, आणि दुसरा भाग काढणे भाग पडले. धूमकेतूहून मोठे आता काय आणायचे, यावर लेखकांनी चार महिने डोके खाजवले. शेवटी एकाला सुचले, सरकार.

अशा रीतीने उडणाऱ्या वीराचा चित्रपट राजकीय थरारपट झाला. कथा थोडक्यात अशी. देशाचा सर्वाध्यक्ष सगळ्यांच्या घड्याळांतून रोज एकेक मिनिट गुपचूप काढतो आणि स्वतःच्या मुदतीला जोडतो, त्यामुळे त्याची पाच वर्षे काही केल्या संपत नाहीत. झेपवीराला संशय येतो, कारण तो उडत जाऊनही सगळीकडे उशिरा पोचू लागतो.

सर्वाध्यक्षाची भूमिका शिवणबाईच्या नवऱ्याला मिळाली.

नवरा तीस वर्षे पडद्यावर होता, पण पाठमोरा. नायकाच्या पहिल्याच ठोशाला टेबलावरून पलीकडे जाणारा. एकशे अठरा चित्रपटांपैकी नव्वदांत तो तोंड जमिनीकडे करून मेला होता. मुलगा सिनेमात सामान हलवतो, याच समजुतीत सासूबाई गेल्या. आता साठीला दोन वर्षे उरली असताना पहिल्यांदा त्याचा चेहरा पोस्टरवर येणार होता. त्याने याचा घरात फार गाजावाजा केला नाही. फक्त मिशी कोरून आणली, आणि ती बिघडू नये म्हणून चहा चमच्याने पिऊ लागला. शिवणबाईने ते पाहिले आणि काही बोलली नाही. (लग्नाला तेहतीस वर्षे झाली की न बोलण्याचे बरेच प्रकार हाताशी असतात.)

पहिल्या तपासणीत मिशी गेली.

मिशी गेल्यावर वरचा ओठ उघडा पडला, आणि तो ओठ भलत्याच कोणाचा तरी निघाला. दाढी लावली, तर ती दुसऱ्याची. टक्कल झाकायला टोप घातला, तर टोप शेरा न लिहिता थेट जप्त झाला, त्यावरून तो बराच वरच्या माणसाचा असावा. पोट काढायचा हुकूम आला तेव्हा शिवणबाईने जाकिटाची कंबर चार इंच आत घेतली. सपाट पोट मंत्रिमंडळात एकाचेही नव्हते, म्हणजे इथे तरी निभावेल असे वाटले. पण कार्यालयाने विचारांती ठरवले, की यातून टोमणा निघतो. मग चष्मा गेला, चष्मा पुसण्याची लकब गेली, हसणे गेले. हसू नका म्हटल्यावर आलेला चेहराही गेला. शेवटी मुखवटा करून पाहिला. मुखवट्याचे साधर्म्य सगळ्यांत जास्त भरले.

हे सर्व त्या कार्यालयाचा कक्षाधिकारी अत्यंत अदबीने करत असे. तो भला माणूस होता. दर तपासणीनंतर तो नवऱ्याचा हात हातात घेऊन समजूत घाले. "काका, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. तुम्ही इतके खरे वाटता, तोच घोळ आहे."

नवव्या तपासणीचा शेरा आला. 'भूमिका ठेवावी. माणूस काढावा.'

दिग्दर्शकाने यातूनही मार्ग काढला. (दिग्दर्शकांचे हे कौतुक करावे तेवढे थोडे, माणूस काढल्यावर त्यांना नेहमीच मार्ग सापडतो.) उंच पाठीच्या खुर्चीत सर्वाध्यक्षाचा नुसता कोट बसेल, तो कधी बोलणार नाही, आणि भीती संगीतातून निर्माण होईल. कोट शिवायचे काम अर्थातच शिवणबाईकडे.

ही बातमी घरी पोचली तेव्हा धाकटी जाऊ भेटायला आलेली होती. "भाऊजी, मग खेळाला तुम्ही जाणार की कोटालाच पाठवणार?" तिने विचारले. तो हसला नाही. हसणे पाचव्याच तपासणीत गेले होते. जाऊ गेल्यावर तो मशीनच्या बाजूला स्टुलावर येऊन बसला.

"कोट माझ्या मापाचा शिव," तो म्हणाला.

"अहो, आत कोणी असणार नाही."

"तेच म्हणतोय. मी नसलो तर नसलो. निदान माझं नसणं तरी नीट बसू दे."

शिवणबाईने टेप काढली. खरे तर गरज नव्हती, माप तिला पाठ होते. मान साडेपंधरा, छाती चाळीस, आणि डावा खांदा उजव्याहून दोन बोटे खाली. तीस वर्षे टेबलांवरून पडून तो तसा झाला होता. आजवर त्याच्या प्रत्येक कोटाच्या डाव्या खांद्यात ती कापसाची गादी भरत आली होती, म्हणजे बाहेरून समसमान दिसे. या खेपेला तिने गादी बाजूला ठेवली. लपवायला माणूसच नाही तर खांदा कशाला लपवायचा, असा तिचा साधा हिशेब. आतून बकरमचे कडक कापड लावून तिने खांदा होता तसा, दोन बोटे उतरता, पक्का केला. कोट खुर्चीवर ठेवला तेव्हा नवऱ्याने लांबून पाहिले आणि म्हणाला, "मीच आहे."

यात एक गोष्ट शिवणबाईला ठाऊक नव्हती. देशाच्या खऱ्या सर्वोच्च साहेबांचा डावा खांदाही दोन बोटे खाली होता. बाकी सगळ्यांना ते ठाऊक होते, पण कोणी पाहिलेले नव्हते. त्यांचे फोटो उजवीकडून निघत, आणि पुतळ्यांच्या डाव्या खांद्यावर शाल असे. शिवणबाई दिवसभर मान खाली घालून मशीनवर बसायची, तिने पुतळे पाहायचे कधी?

दहाव्या तपासणीला कक्षाधिकाऱ्याने अधिकृत अवयवसूची उघडली. एकूण अवयव चौसष्ट. नाक, निरंक. कान, निरंक. हनुवटी, निरंक. बाविसाव्या क्रमांकावर 'उजवा खांदा' होता आणि तेविसाव्यावर एकदम 'कोपर'. डावा खांदा सूचीत नव्हता. तो घालायचा तर तो आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवा होता, आणि सूची करणाऱ्या सातही तज्ज्ञांना मुलेबाळे होती.

कक्षाधिकारी कोटापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याने चष्मा पुसला. (ही लकब चौथ्या तपासणीत काढलेली होती, पण त्याला सवलत असावी.)

"बाई, हा खांदा..."

"काय झालं खांद्याला?"

"काही नाही. छान बसलाय," तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

पहिल्या खेळाला नऊशे माणसे होती. मध्यंतरानंतर सर्वाध्यक्षाची खुर्ची हळूहळू वळली, आणि रिकामा कोट पडदाभर झाला. कोणी हसले नाही. हसायचे तर कशाला हसलो हे माहीत असावे लागते. झेपवीर खिडकी फोडून आत आला, त्याने घड्याळांवर जळजळीत भाषण केले, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. नऊशे माणसे आपापला डावा खांदा अगदी सावकाश सरळ करत होती. मागच्या रांगेत बसलेला नवरा बायकोच्या कानाशी लागला. "बघ, श्वास रोखलाय लोकांनी. तीस वर्षांत असं झालं नव्हतं."

चौकशी बसली. पण चौकशीत विचारायचे काय? 'खांदा कोणाचा' असे विचारणे म्हणजे तो कोणाचा तरी वाटला, अशी कबुली. तपास अधिकाऱ्यांनी निर्मात्याला हवापाणी विचारले, दिग्दर्शकाला तब्येत विचारली, आणि शेवटी नाइलाजाने कपडेपटात येऊन शिवणबाईला विचारून टाकले.

"माझ्या नवऱ्याचा," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा असणार?"

अधिकाऱ्यांच्या जिवात जीव आला. देशभरातल्या तपासात मिळालेले हे एकमेव ठाम उत्तर होते, शिवाय खरे. त्याच संध्याकाळी आदेश निघाला. जनतेत गैरसमज नको म्हणून सदर खांद्याच्या मालकाचा चेहरा प्रत्येक चौकात, ठळक, रंगीत लावावा. साधर्म्य पूर्ण दूर व्हावे यासाठी मूळ मिशीसह. खाली मजकूर, 'हा खांदा यांचाच आहे.' पोस्टर चार मजले उंच झाले, झेपवीराच्या दुप्पट. आपल्या गल्लीतल्या पोस्टरखाली नवरा रोज सकाळी काही कामाचे निमित्त काढून उभा राहतो. शिवणबाई खिडकीतून पाहते आणि चहाबरोबर चमचा ठेवते.

प्रेक्षकांचेही कौतुक करायला हवे. पोस्टरपाशी आले की ते न चुकता म्हणतात, "हो, यांचाच." कोणी विचारलेले नसते.

राहता राहिलात तुम्ही. मिशीपाशी हसलात, टोपापाशी हसलात, ते ठीक. पण खांद्याचा विषय निघाल्यावर आपला डावा खांदा तुम्ही हळूच सरळ केलात. आता पुन्हा करू नका. पासष्टावा अवयव कालच सूचीत आला आहे.