बावीस इंची कुत्रा

बस्त्यांव मास्तर कुत्र्यांची मापं घेत फिरायचे. मालवणच्या बाजारात, जेटीवर, चर्चच्या आवारात, कुठेही एखादा कुत्रा उभा दिसला की गळ्यातली टेप काढून मास्तर वाकलेच म्हणून समजा. जमिनीपासून पाठीपर्यंत मोजायचे, मान हलवायचे आणि पुढच्या कुत्र्याकडे निघायचे. एका मासेवालीने त्यांना विचारलं होतं, "मास्तरानू, कुत्र्याक झंपर शिवतास काय?" मास्तरांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "नाय. हेची पाठ सतराच भरली."

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या वाडीचे कपडे शिवले. दुकान बंद केलं तरी टेप गळ्यातून उतरली नाही. "माप खोटा बोलणा नाय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक कपडा घट्ट होतो म्हणालं, की मास्तर टेप न काढताच सांगत, माप खोटं बोलत नाही, तू जाड झालास.

मी त्यांच्या शेजारी राहते, मधे फक्त दगडी गडगा. वाडीत लग्न असो की मयत, सामानाची यादी माझ्याकडून जाते. म्हणून मास्तर एका सकाळी गडग्याशी येऊन म्हणाले, "बाय, माका कुत्र्यांची यादी करून दी. शांत जातीची. ल्हान चलात, मोठो चलात. फक्त बावीस इंच व्हयो."

लहान कुत्रा बावीस इंच कसा भरेल, हे मी विचारलं नाही. बावीस कशासाठी ते मला माहीत होतं.

मास्तरांची बायको, रोजलीनकाकी, दोन वर्षं अर्धांगाने खाटेवर होती. वाचा गेलेली. डावी बाजू गेलेली, उजवीकडचा हात तेवढा मनगटापासून पुढे हलायचा. खाट तिच्या माहेरची, शिसवी आणि इतकी उंच की चढायला पूर्वी स्टूल लागायचं. खाटेच्या कडेवरून काकीचा पंजा खाली लोंबायचा, जमिनीपासून बावीस इंचांवर. त्यांचा गावठी कुत्रा राजा दिवसातून दहा वेळा येऊन त्या पंजाखाली पाठ द्यायचा. मग राजा म्हातारा होऊन गेला. काकीची बोटं मात्र चालूच राहिली. दिवसभर हवेत खाजवत राहायची.

मास्तरांनी त्या हाताखाली उशी लावून पाहिली. लव असलेल्या कापडाचा एक कुत्रासुद्धा शिवला, कान, शेपटी, सगळं व्यवस्थित. काकीने त्याला हात लावला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गरम नाय मां तो," मास्तर मला म्हणाले. मग रस्त्यावरचं एक पिल्लू आणलं, ते भुंकलं. कसलाही आवाज झाला की काकीचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि तासभर सुटायचं नाही. डॉक्टर मास्तरांवर रागावले. पिल्लू परत गेलं.

म्हणून शांत.

मी दोन रकाने आखले, लहान आणि मोठे. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून दोन्ही भरले. लहानांत पग शांत, पण आपल्याकडच्या उकाड्यात त्याला धाप लागते. डॅशहंड चार बोटं उंच आणि आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा. लहान कुत्रा खाटेवरच ठेवू, असं मी सुचवलं. मास्तरांनी ते खोडलं. काकीच्या पाठीला जखमा झालेल्या. शिवाय धडधाकट असताना तिने राजाला कधी गादीला नाक लावू दिलं नव्हतं, तर आता तिला बोलता येत नाही म्हणून तिचा नियम मोडायचा का? मोठ्यांत ग्रेट डेन अगदी संत, पण पाठ बत्तीस इंच. जर्मन शेफर्डला मास्तर एका शब्दात म्हणाले, "पोलीस." राहिला लॅब्राडोर. तो चार वर्षं धुमाकूळ घालतो आणि मग निवतो. मी यादीखाली लिहिलं, मोठी जात, उतरतं वय, आणि खाली रेघ मारली.

मास्तरांची परीक्षा वेगळीच होती. बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा ते कुत्र्याच्या मागे धाडकन सोडायचे. दारोदार फिरून आम्ही सात लॅब्राडोर पाहिले. एक जण मालकिणीला साखळीसकट फरफटत केळीच्या बागेत गेला. दरवेळी बटणं गोळा करायचं काम माझ्याकडे.

आठवा देवबागला मिळाला. होमस्टेवाला कायमचा पुण्याला निघाला होता, त्याचा सहा वर्षांचा ब्रूनो. डबा पडला. ब्रूनोने एक डोळा उघडला, पायाशी आलेलं बटण हुंगलं आणि डोळा मिटला. मापासाठी त्याला बिस्कीट दाखवून उभं करावं लागलं. बावीस इंच, ना कमी ना जास्त. मास्तरांनी टेप माझ्यासमोर धरली. "बघ. माप खोटा बोलणा नाय."

ब्रूनो घरी आला, खाटेजवळ गेला, काकीकडे पाहिलं आणि खाली आडवा झाला. तो झालाच. तीन दिवस बिस्किटापुरता उठायचा आणि पुन्हा गार जमिनीला पोट लावायचा. मी मासळीचा क्रेट उपडा घालून त्यावर त्याला चढवलं. तो उतरून खाली झोपला. त्याच्या पाठीच्या वर, दीड वीत अंतरावर, काकीची बोटं हवेत चालूच.

मास्तर दारातल्या बाकावर बसले होते. टेप मांडीवर गुंडाळत होते.

"चुकलंय, बाय. शांत कुत्रो उभो खंय रवता? चाळीस वर्सां उभ्या माणसाचाच माप घेतलंय. आडव्याचा माप फक्त मयताची पेटी करणारो घेता."

शब्द तोंडातून गेला आणि आम्ही दोघांनी खाटेकडे पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि आणखी दोघांना हाक मारली. आवाज नको म्हणून आम्ही काकीला उचलून माझ्या घरी आरामखुर्चीत ठेवलं. मास्तरांनी झोपलेल्या ब्रूनोचं माप घेतलं. नऊ इंच. मग शिंप्याच्या खडूने खाटेच्या चारही पायांवर खूण केली आणि करवत घेतली. मी त्यांना स्पष्ट बजावलं. पुसणं, भांडं देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं आता गुडघ्यांवर बसून करावं लागेल आणि ते गुडघे सत्तर वर्षांचे आहेत.

"कुत्र्याक आल्टर करूक जमणा नाय," मास्तर म्हणाले. "खाटेक जमता."

चारही पायांचे तेरा-तेरा इंच कापून झाले. काकीला पुन्हा खाटेवर निजवलं. तिचा पंजा खाली आला तो थेट ब्रूनोच्या पाठीवर. बोटं थांबली. राजा गेल्यापासून ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग हळूहळू केसांत शिरली. ब्रूनोने एक लांब उसासा टाकला. करवत टेकवून ठेवायला मास्तर मागच्या पडवीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढे सात महिने मास्तरांनी सगळं गुडघ्यांवर केलं. नाताळच्या आधीच्या आठवड्यात काकी गेली. सुतार पेटीचं माप घ्यायला आला, त्याला मास्तरांनी बाहेर बसवलं. खोलीत एकटेच गेले. टेप गळ्यात अडकवत बाहेर आले, दोन आकडे सांगितले आणि म्हणाले, "दीड इंच मार्जिन सोड. तिका घट्ट आवडणा नाय."

महिन्याने मी नवी यादी घेऊन गेले. गादी कुणाला द्यायची. उरलेली औषधं. खाटेच्या पायांचे तुकडे मास्तरांनी कापडात बांधून ठेवले होते, ते सुताराकडून पुन्हा जोडून घ्यायचे. आणि ब्रूनो. कुडाळच्या एका घरी त्याची सोय होत होती.

टळटळीत दुपार होती, दार उघडं. मास्तर त्या बुटक्या खाटेवर पडले होते, कडेवरून पंजा खाली. तो ब्रूनोच्या पाठीवर होता.

मला पाहून ते उठायला गेले. इतक्या खालून त्यांचे गुडघे उचलत नव्हते. मी पुढे झाले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"उठ रे."

बिस्कीट नव्हतं, तरी ब्रूनो उभा राहिला. खाटेला लागून, अगदी स्थिर. त्याच्या बावीस इंचांवर तळवा टेकून मास्तर सावकाश उठले, आणि उठल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"च्या घेतंस मां, बाय?"

मी हो म्हटलं आणि यादीची घडी घातली. दोघे बेताबेताने स्वयंपाकघराकडे गेले.